संगणक-आज्ञावलींची एकस्वे व ब्राउझरचे वापरकर्ते

संगणकाकडून एखादे कार्य विशिष्ट रीतीने करवून घेण्याच्या पद्धतीवर शासनाने ठराविक मुदतीसाठी दिलेला अनन्य हक्क म्हणजे आज्ञावलीचे एकस्व अथवा पेटंट होय. आज्ञावलीच्या प्रत्यक्ष मजकुराला ग्रंथाप्रमाणेच प्रताधिकाराचे संरक्षण असते. परंतु प्रताधिकार हा मजकूर उचलणाऱ्यालाच बाधतो. एकस्वाचा पल्ला याहून मोठा आहे. दुसऱ्या कोणी तीच पद्धत स्वतःच्या बुद्धीने, मूळ आज्ञावलीची एक ओळही न पाहता शोधून काढली, तरी एकस्वधारकाच्या परवान्यावाचून त्याला ती वापरता येत नाही. महाजालावरील पृष्ठे वाचण्यासाठी वापरली जाणारी ब्राउझर नावाची आज्ञावली अशा शेकडो पद्धतींचा समुच्चय असते. अक्षरे रेखाटणे, चित्रांचे संक्षेपण उलगडणे, ध्वनी व चलचित्रे दाखविणे, पृष्ठातच दुसरी आज्ञावली चालविणे यांपैकी प्रत्येक कृती कोणाच्या तरी एकस्वाच्या कक्षेत येऊ शकते. त्यामुळे या एकस्वांची झळ ब्राउझरच्या निर्मात्याला जितकी लागली, तितकीच त्याच्या सामान्य वापरकर्त्यालाही लागली. विशेष असे की, ज्या देशात ते एकस्व कधी दिलेच गेले नव्हते, त्या देशातील वापरकर्ताही तीतून सुटला नाही.

सोलापूरचा माग व आज्ञावलीचा उगम : आज्ञावली या कल्पनेचा एक जुना अवतार सोलापूरच्या विणकरांच्या नित्य परिचयाचा आहे. सोलापुरी चादरीवरील नक्षी जकार्ड यंत्रणेवर विणली जाते. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर पाडलेली छिद्रे कोणता ताणा उचलावयाचा व कोणता खाली ठेवावयाचा हे ठरवितात. पट्ट्यांची माळ बदलली की त्याच मागावर वेगळी नक्षी उतरते. यंत्र एक आणि त्याला द्यावयाच्या सूचना वेगळ्या, हा भेद येथे प्रथम स्पष्ट झाला. इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या नियोजित विश्लेषक यंत्रासाठी हीच छिद्रांकित पत्रांची युक्ती स्वीकारली होती.

फ्रान्समधील ल्यों येथील झोझेफ मारी जकार यांनी ही यंत्रणा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केली. १८०६ मध्ये फ्रेंच शासनाने ती सार्वजनिक मालमत्ता म्हणून घोषित केली आणि जकार यांना निवृत्तिवेतन व प्रत्येक यंत्रामागे स्वामित्वशुल्क देऊ केले. शोधकाला मोबदला मिळाला व यंत्रणा सर्वांना खुली झाली. १८१२ पर्यंत फ्रान्समध्ये असे ११,००० माग चालू झाले होते. पुढे तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या वस्तीने सोलापूर हे वस्त्रोद्योगाचे केंद्र म्हणून वाढले, तेव्हा जकार्डच्या वापरासाठी कोणाची परवानगी मागण्याचा प्रश्नच उरला नव्हता.

सोलापूरला बौद्धिक संपदेचा कायदा परका आहे असे मात्र नाही. १९९९ चा भौगोलिक निर्देशांविषयीचा अधिनियम सप्टेंबर २००३ मध्ये अंमलात आल्यावर ज्या वस्तूंची नोंदणी आरंभीच्या काळात झाली, त्यांत सोलापुरी चादर व सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींचा समावेश होतो. नव्या नक्षीसाठी आकृतिबंध अधिनियमाखाली वेगळी नोंदणी करता येते. या हक्कांचे स्वरूप ध्यानात घेण्याजोगे आहे. अन्यत्र विणलेली चादर सोलापुरी म्हणून विकली गेली तर गिऱ्हाईक फसते. म्हणजे येथे ग्राहकाची तक्रार हक्काची अंमलबजावणी न झाल्याची असते. हक्क बजावला गेला म्हणून चादर पांघरणाऱ्याला काही वेगळे करावे लागले, असे घडत नाही. आज्ञावलींच्या एकस्वांबाबत नेमके उलट घडले. तेथे वापरकर्त्याचा त्रास हक्क बजावला गेल्यामुळे सुरू झाला.

अमेरिकेतील कायद्याचा प्रवास : आज्ञावलींची एकस्वे हे प्रामुख्याने अमेरिकेचे अपत्य आहे. मार्टिन गोएट्झ यांना माहितीची क्रमवार मांडणी करण्याच्या पद्धतीसाठी एप्रिल १९६८ मध्ये मिळालेले एकस्व हे या प्रकारचे पहिले मानले जाते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये बेन्सन व १९७८ मध्ये फ्लूक या खटल्यांत गणिती रीतीवर एकस्व देण्यास नकार दिला. तथापि १९८१ मधील डीअर खटल्यात रबर पक्के करण्याच्या प्रक्रियेत संगणकाचा उपयोग आहे एवढ्याने ती प्रक्रिया एकस्वास अपात्र ठरत नाही, असा निर्णय झाला. या फटीतून पुढे पूर आला. १९९८ मधील स्टेट स्ट्रीट निवाड्याने तर व्यवहाराच्या पद्धतींनाही दार उघडे केले. महाजाल लोकांच्या हाती येण्याचा काळ नेमका हाच होता.

खुद्द महाजालाचा पाया मात्र मुक्त होता. जिनीव्हाजवळील सर्न या संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी आपली महाजालविषयक आज्ञावली कोणालाही विनामूल्य वापरता येईल असे जाहीर केले. याच सुमारास मिनेसोटा विद्यापीठाने गोफर या प्रतिस्पर्धी प्रणालीच्या काही वापरांसाठी शुल्क आकारण्याचे ठरविले आणि लोक तिच्यापासून दुरावले. सर्नचा निर्णय जकारच्या मागाविषयीच्या फ्रेंच निर्णयाच्या पंक्तीत बसविण्याजोगा आहे. अडचणी उत्पन्न झाल्या त्या या पायावर नंतर चढलेल्या मजल्यांमधून.

चित्रे : पहिली मोठी ठिणगी जीआयएफ या चित्रप्रकारावरून पडली. या प्रकाराचे संक्षेपण टेरी वेल्च यांनी लेंपेल व झिव्ह यांच्या कार्यावर रचलेल्या रीतीने होते. वेल्च यांचा लेख १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरील एकस्व स्पेरी कंपनीला डिसेंबर १९८५ मध्ये मिळाले व १९८६ मधील विलीनीकरणानंतर ते युनिसिसकडे आले. दरम्यान कॉम्प्युसर्व्हने १९८७ मध्ये जीआयएफ प्रचारात आणला. रीत छापील लेखातून सर्वांपुढे आलेली असल्याने ती मोकळी आहे, असा सार्वत्रिक समज होता. डिसेंबर १९९४ च्या अखेरीस जीआयएफ हाताळणाऱ्या आज्ञावलींच्या निर्मात्यांकडून शुल्क घेतले जाईल असे जाहीर झाले, तोवर महाजालावर असंख्य जीआयएफ चित्रे पसरली होती. विनामूल्य वाटल्या जाणाऱ्या अनेक आज्ञावलींनी जीआयएफ तयार करण्याची सोय काढून टाकली. नोव्हेंबर १९९९ मध्ये संकेतस्थळांवरून अशी चित्रे हटविण्याची मोहीमही झाली.

पर्याय म्हणून तंत्रज्ञांच्या एका गटाने पीएनजी हा एकस्वमुक्त चित्रप्रकार १९९५ मध्ये आखला व ऑक्टोबर १९९६ मध्ये त्याला महाजाल संघाची मान्यता मिळाली. तांत्रिक दृष्ट्या तो सरस होता. परंतु त्या काळी सर्वाधिक प्रचलित असलेला इंटरनेट एक्सप्लोरर त्यातील अंशतः पारदर्शक भाग २००६ मधील सातव्या आवृत्तीपर्यंत नीट दाखवीत नव्हता. पारदर्शक कडेच्या जागी करडी चौकट दिसे. या उणिवेचा दोष एकस्वाला देता येणार नाही, तो त्या ब्राउझरच्या निर्मात्यांचा. मात्र चालत्या प्रकाराकडून नव्या प्रकाराकडे जाण्याची पाळी एकस्वामुळेच आली. अमेरिकेतील एकस्व जून २००३ मध्ये आणि ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, इटली, जपान व कॅनडा येथील २००४ मध्ये संपुष्टात आले.

एका टिचकीचे मोल : सप्टेंबर १९९९ मध्ये अ‍ॅमेझॉनला एकाच टिचकीत खरेदी पूर्ण करण्याच्या पद्धतीवर एकस्व मिळाले. ग्राहकाची माहिती आधीच साठविलेली असल्याने पुन्हा भरावी लागू नये, एवढाच त्याचा आशय होता. बार्न्स अँड नोबल या ग्रंथविक्रेत्यावर लगेच खटला भरला गेला व डिसेंबर १९९९ मध्ये मनाईहुकूम निघाला. त्यावर तोडगा म्हणून या विक्रेत्याने आपल्या खरेदीत आणखी एक टिचकी घातली. २००१ मध्ये अपील न्यायालयाने मनाईहुकूम रद्द केला व पुढील वर्षी तडजोड झाली. एकस्व २०१७ मध्ये संपले. कायदा पाळण्यासाठी यंत्राची सोय मुद्दाम कमी करावयाची, हा प्रकार तंत्रज्ञानाच्या इतिहासात विरळा होय. ब्रिटिश टेलिकॉमने तर पृष्ठांना जोडणारे दुवेच आपल्या जुन्या एकस्वाखाली येतात असा दावा केला होता. तो अमेरिकी न्यायालयाने २००२ मध्ये फेटाळला.

ईओलास प्रकरण : वापरकर्त्याला प्रत्यक्ष भोवलेले सर्वांत ठळक प्रकरण ईओलास कंपनीचे होय. सॅन फ्रॅन्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील मायकेल डॉइल व त्यांचे दोन सहकारी यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये अर्ज केला आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये विद्यापीठाला एकस्व मिळाले. महाजालपृष्ठाच्या चौकटीतच बाहेरील आज्ञावली आपोआप चालू करून वाचकाला तिच्याशी देवघेव करू देणे, हा त्याचा विषय. ईओलासने १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टवर दावा लावला व ऑगस्ट २००३ मध्ये शिकागो येथील ज्यूरीने सुमारे ५२ कोटी १० लक्ष डॉलरांची भरपाई ठरविली. हा आकडा विंडोजच्या प्रत्येक प्रतीमागे १.४७ डॉलर या दराने काढलेला होता.

महाजालाचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी ऑक्टोबर २००३ मध्ये अमेरिकी एकस्व कार्यालयाला पत्र लिहून फेरतपासणीची मागणी केली. पेई-युआन वेई यांचा व्हायोला हा ब्राउझर हेच काम १९९३ मध्येच करीत होता, असा मायक्रोसॉफ्टचाही बचाव होता. मार्च २००५ मध्ये अपील न्यायालयाने हा पुरावा ज्यूरीपुढे यावयास हवा होता असे ठरवून प्रकरण परत पाठविले. तथापि सप्टेंबर २००५ मध्ये एकस्व कार्यालयाने फेरतपासणीअंती एकस्व कायम राखले. तेव्हा मायक्रोसॉफ्टने ब्राउझरच बदलण्याचा मार्ग पत्करला.

हा बदल एप्रिल २००६ मधील सुरक्षाविषयक सुधारणांबरोबर इंटरनेट एक्सप्लोररच्या वापरकर्त्यांपर्यंत पोहोचला. पृष्ठात बसविलेले फ्लॅश चित्र, चलचित्र अथवा जावा आज्ञावली तोवर आपोआप वापरासाठी सिद्ध असे. आता तिच्याभोवती एक चौकट दिसू लागली व ती कार्यान्वित करण्यासाठी टिचकी मारावी अशी सूचना उमटू लागली. पहिल्या टिचकीने केवळ चौकट जाई. प्रत्यक्ष बटण दाबण्यासाठी दुसरी टिचकी लागे. ऑपेरा या ब्राउझरनेही असाच बदल केला, फायरफॉक्सने केला नाही. त्यामुळे तेच पृष्ठ दोन संगणकांवर वेगवेगळे वागू लागले. संकेतस्थळाच्या चालकाने ती वस्तू स्वतंत्र फाइलमधील लिपीद्वारे पृष्ठात घातली तर चौकट येत नसे. ज्यांच्याकडे तंत्रज्ञ होते त्यांनी आपली पृष्ठे तशी फिरवून घेतली. एकदा तयार करून सोडून दिलेली शाळा-महाविद्यालयांची, ग्रंथालयांची व लहान संस्थांची पृष्ठे मात्र तशीच राहिली.

अमेरिकेतील एकस्वाची सत्ता अमेरिकेपुरतीच चालते. असे असता सोलापूरच्या सायबर कॅफेत तासाच्या हिशोबाने पैसे मोजून बसलेल्या विद्यार्थ्याला ही दुसरी टिचकी का मारावी लागावी? याची कारणे दोन. पहिले व्यावहारिक : ब्राउझरची घडण एकाच ठिकाणी होते आणि देशोदेशी वेगळा ब्राउझर राखणे निर्मात्याला परवडत नाही. दुसरे कारण कायद्याचे असून ते फारसे ज्ञात नाही. अमेरिकेत बनलेला भाग परदेशी पाठवून तेथे जोडणी केली तरी तो एकस्वभंग मानण्याची तरतूद अमेरिकी कायद्यात आहे. विंडोजची मूळ तबकडी अमेरिकेतून परदेशी जाते व तिच्यावरून तेथे प्रती काढल्या जातात, म्हणून अशा प्रतीही हिशोबात धरण्यास मार्च २००५ च्या त्याच निवाड्याने मुभा दिली होती. म्हणजे भारतात विकलेली प्रतदेखील त्या एकस्वाच्या आकारणीत येत होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००७ मध्ये मायक्रोसॉफ्ट विरुद्ध एटी अँड टी या वेगळ्या खटल्यात हा अर्थ अमान्य केला.

ऑगस्ट २००७ मध्ये दोन्ही पक्षांत तडजोड झाली आणि एप्रिल २००८ मध्ये जुने वर्तन ब्राउझरमध्ये परत आले. यानंतर ईओलासने गूगल, अ‍ॅमेझॉन, याहू आदी कंपन्यांवर टेक्ससमधील टायलर येथे दावे लावले. तेथे बर्नर्स-ली व वेई यांच्या साक्षी झाल्या आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये ज्यूरीने एकस्वाचे विवादित दावे अवैध ठरविले. जुलै २०१३ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. ज्या हक्कासाठी जगभरच्या वाचकांनी दोन वर्षे टिचक्या मारल्या, तो असा अखेर टिकलाच नाही. डॉइल यांची बाजू सांगितली पाहिजे. मोठ्या कंपनीने लहान शोधकाची कल्पना फुकट वापरू नये यासाठीच एकस्वाची संस्था आहे, ही त्यांची भूमिका तत्त्वतः गैर म्हणता येत नाही. परंतु कल्पना खरोखरच प्रथम कोणाची, हे ठरण्यास चौदा-पंधरा वर्षे लागत असतील, तर मधल्या काळाचा भार त्या वादाशी संबंध नसलेल्यांवर पडतो.

भारतीय कायदा : न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालावर आधारलेला एकस्व अधिनियम १९७० मध्ये संमत झाला व २० एप्रिल १९७२ पासून अंमलात आला. त्यात आज्ञावलींचा स्पष्ट उल्लेख नव्हता. २००२ च्या सुधारणेने कलम ३ मध्ये ‘ट’सदृश एक नवे उपकलम आले, इंग्रजी पाठात ते ३(के) म्हणून ओळखले जाते. गणिती वा व्यावसायिक पद्धती, केवळ आज्ञावली म्हणून असलेली संगणक-आज्ञावली आणि गणनरीती हे शोध मानले जाणार नाहीत, असे ते सांगते. ही सुधारणा मे २००३ मध्ये लागू झाली. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने उद्योगातील तांत्रिक उपयोगाला व यंत्रसामग्रीशी सांगड असलेल्या आज्ञावलीला यातून वगळण्याचा घाट घातला होता. संसदेने २००५ चा अधिनियम करताना तो भाग गाळला. याच वर्षी ६ जुलै रोजी युरोपीय संसदेने तत्सम प्रस्ताव १४ विरुद्ध ६४८ मतांनी फेटाळला, हा योगायोग लक्षणीय आहे.

‘केवळ आज्ञावली’ या शब्दांचा अर्थ काय, हा वाद त्याने मिटला नाही. एकस्व कार्यालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वे आक्षेपांमुळे डिसेंबरात स्थगित झाली. फेब्रुवारी २०१६ च्या पाठात यंत्रसामग्रीतील नावीन्याची अट आली आणि २०१७ मध्ये ती गेली. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये फेरिद अल्लानी प्रकरणात तांत्रिक परिणाम दाखविणारा शोध केवळ आज्ञावलीवर आधारलेला म्हणून नाकारता येणार नाही, असा कौल दिला. अमेरिकेत मात्र या सुमारास वारे उलटे वाहत होते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून २०१४ मधील अ‍ॅलिस निवाड्यात अमूर्त कल्पना सर्वसाधारण संगणकावर राबविल्याने एकस्वपात्र होत नाही, असे ठरविले होते.

देवनागरी अक्षरे : मराठी वाचकाच्या संदर्भात एका गोष्टीची गफलत टाळली पाहिजे. महाजालाच्या पहिल्या दशकात मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे वाचण्यासाठी प्रत्येकाचा निराळा टंक उतरवून घ्यावा लागे व तो नसल्यास पृष्ठावर निरर्थक रोमन चिन्हे दिसत. हा त्रास एकस्वांमुळे नव्हता. सर्वमान्य संकेतनाचा अवलंब न झाल्यामुळे होता व युनिकोडच्या प्रसाराने तो ओसरला. एकस्वामुळे झालेला त्रास याहून सूक्ष्म होता. पडद्यावरील ठिपक्यांच्या जाळीत अक्षरांच्या रेषा नेमक्या बसाव्यात म्हणून ट्रूटाइप टंकांत बारीक सूचना भरलेल्या असतात. त्या अंमलात आणण्याच्या पद्धतीवर अ‍ॅपलची एकस्वे होती. लिनक्सवरील ब्राउझर ज्या फ्रीटाइप या मुक्त आज्ञावलीतून अक्षरे रेखाटीत, तिच्यात हा भाग त्यामुळे मुळात बंद ठेवलेला असे. त्याऐवजी वापरली जाणारी स्वयंचलित रीत प्रामुख्याने रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून रचलेली होती. देवनागरीची शिरोरेषा ही लांब आडवी रेषा असल्याने ती ठिपक्यांच्या ओळीत नेमकी बसली नाही तर दोन ओळींत विभागून धूसर दिसते, आणि असा धूसरपणा संबंध ओळभर जाणवतो. मे २०१० मध्ये एकस्वांची मुदत संपली व त्याच वर्षीच्या जुलैमधील आवृत्तीत तो भाग खुला झाला.

ध्वनी व चलचित्रे : एमपी३ या ध्वनिप्रकाराचा परवाना-कार्यक्रम एप्रिल २०१७ मध्ये बंद झाला, तोवर लिनक्सच्या कित्येक वितरणांत हा प्रकार ऐकण्याची सोय मुळात नसे व ती वेगळी बसवून घ्यावी लागे. चलचित्रांच्या एच.२६४ या प्रकारावर अनेक कंपन्यांची एकस्वे असून त्यांचे परवाने एकत्रितपणे दिले जातात. शुल्क देणे ज्यांच्या तत्त्वात बसत नव्हते त्या फायरफॉक्सच्या निर्मात्यांनी तो प्रकार कित्येक वर्षे टाळला. परिणामी एका ब्राउझरमध्ये चालणारे चलचित्र दुसऱ्यात रिकामी चौकट दाखवी. २०१२ मध्ये मोझिलाने आपले धोरण सैल करून संगणकात आधीच असलेली सोय वापरण्याचे ठरविले. ऑक्टोबर २०१३ मध्ये सिस्को कंपनीने स्वतः शुल्क भरून या प्रकाराची तयार आज्ञावली सर्वांना देऊ केली. ती सिस्कोच्याच संगणकावरून उतरविलेली असेल तरच ही सवलत लागू पडते, म्हणून फायरफॉक्स ती आपल्याबरोबर न देता वेगळी मागवून घेतो.

एचईव्हीसी या पुढील प्रकाराचे परवाने एकाहून अधिक गटांकडे विभागले गेले. त्यास उत्तर म्हणून गूगल, मोझिला, सिस्को, मायक्रोसॉफ्ट आदींनी सप्टेंबर २०१५ मध्ये आघाडी स्थापन केली व २०१८ मध्ये एव्ही१ हा शुल्कमुक्त प्रकार प्रसिद्ध केला. महाजाल संघाने तर फेब्रुवारी २००४ मध्येच आपल्या मानकांसाठी विनाशुल्क परवान्याचे धोरण स्वीकारले होते. मानक घडविण्यात सहभागी होणाऱ्या संस्थेला त्या मानकास आवश्यक असलेली आपली एकस्वे विनाशुल्क खुली करावी लागतात. जी संस्था या सहभागाबाहेर राहते, तिच्या एकस्वांवर मात्र हे धोरण चालत नाही.